प्लेऑफची यादी देण्याआधी जखमी खेळाडू तपासा

आउट ऑफ द पार्क बेसबॉलसारख्या, संगणकावर संघ सांभाळायच्या खेळात एखाद्या लीगमधला संघ चालवत असाल, तर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातच जखमींची यादी उघडून बसा. बऱ्याच लीग मेजर लीगचाच (अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीग) नियम उचलतात: ३१ ऑगस्टला खेळाडू संघाच्या ४० जणांच्या यादीत किंवा ६० दिवसांच्या जखमी यादीत असेल, तर तो प्लेऑफला चालतो. म्हणजे लांबच्या दुखापतीमुळे हंगाम गेलेल्यालाही दार बंद नसतं. २०१६ मध्ये शिकागो कब्ज संघाच्या काइल श्वार्बरचा गुडघा एप्रिलमध्येच गेला होता. तो थेट वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम मालिकेला, परतला आणि १७ वेळा बॅटिंगला येऊन (वॉक, म्हणजे पिचरच्या चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळालेला बेस, वगळून) ७ हिट मारल्या. त्यामुळे जागा हवी म्हणून अशा माणसाला सोडून देऊ नका.

खरी फसगत मात्र प्लेऑफमधली मालिका सुरू झाल्यावर होते. मेजर लीगमध्ये दुखापतीमुळे मधेच बदललेला खेळाडू त्या मालिकेला तर मुकतोच, पुढची फेरीही त्याला बंद. मागच्या हंगामात माझ्या डावखुऱ्या पिचरची दुखापत 'चार दिवस' दाखवत होती. मी घाईने त्याच्या जागी दुसरा घेतला, मालिका जिंकलो, आणि पुढच्या फेरीत ठणठणीत पिचर बाकावर! चार दिवसांसाठी एक जागा रिकामी ठेवणं परवडलं असतं.

तुमच्या लीगचा नियम वेगळा असू शकतो, कमिशनरला (लीग चालवणाऱ्याला) आधीच विचारून ठेवा. उत्तर लेखी घ्या.