गंजलेले नट-बोल्ट व्हिनेगरमध्ये घाला, पण पुढचं विसरू नका

आमच्या जुन्या मारुती ८०० ची बॅटरीची पट्टी आणि तिचे बोल्ट कोकणातल्या पावसाने इतके गंजले होते की बोट लावलं तरी पापुद्रे निघत. तरी ते वाचले.

आधी भांड्यांच्या साबणाने तेलकटपणा काढा, नाहीतर व्हिनेगर लोखंडापर्यंत पोचतच नाही. मग प्लास्टिकच्या डब्यात साधं पांढरं व्हिनेगर घ्या, पार्ट पूर्ण बुडेल एवढं, आणि रात्रभर ठेवा. सकाळी पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं आणि गंज जुन्या टूथब्रशने चिखलासारखा सुटतो. आट्यांमधल्या गंजाला तारेचा ब्रश लागतो. हवं तर आणखी एक रात्र ठेवा. पण आठवडाभर विसरलात तर ॲसिड चांगलं लोखंडही खातं.

खरी फजिती पुढे होते. नुसतं पुसून ठेवलं की थोड्या वेळात नारिंगी थर परत हजर! म्हणून लिटरभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून त्यात पार्ट दहा मिनिटं बुडवा, धुवा, हेअर ड्रायरने कोरडा करा आणि कोमट असतानाच इंजिन ऑइलचा हात फिरवा. सोडा थेट व्हिनेगरमध्ये टाकू नका. फेस झकास येतो, पण दोघांचाही जोर संपतो.

ब्रेकचे पार्ट, स्प्रिंगा आणि इंजिनचे हेड बोल्ट यांच्यावर हा प्रयोग नको. ॲसिडने कडक पोलाद ठिसूळ होऊ शकतं. जस्ताचा मुलामा असेल तर तोही जातो.