पुस्तक काढलं, पण खपत नाही? या चुका टाळा

स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्याचा पहिला महिना बरा जातो. ओळखीचे लोक प्रती घेतात, हातात पुस्तक धरून फोटो टाकतात. मग विक्री थंडावते आणि लेखक घाबरून जाहिरातीवर पैसे लावतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गाडं नेमकं कुठे अडलंय ते आधी बघा.

पुस्तक दिसतं, पण कुणी उघडत नाही? मग दोष बहुधा मुखपृष्ठाचा. माझ्या पहिल्या पुस्तकाचं नाव नाजूक, बारीक अक्षरात होतं. छापील प्रतीवर ते देखणं दिसायचं. मोबाइलवर मात्र मुखपृष्ठ अंगठ्याच्या नखाएवढं होतं आणि नावाच्या जागी नुसत्या करड्या रेघा उरायच्या. छपाईला देण्याआधी चित्र तेवढं लहान करून हातभर अंतरावरून वाचून बघा.

पुस्तकाचं विक्रीचं पान उघडून लोक तसेच परत जात असतील, तर पुस्तकाची ओळख तपासा. ‘ही कादंबरी मानवी नात्यांचा वेध घेते’ हे वाक्य हजार पुस्तकांवर चिकटवता येतं, म्हणून ते कुठल्याच पुस्तकाचं राहत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘२२ वर्षांनी माहेरी आलेल्या बहिणीला दारात पाहून थोरला भाऊ आतून कडी लावून घेतो.’ का लावली, हे वाचकाला कळून घ्यायचं असतं. आपल्या पुस्तकातला असा एक क्षण शोधायला मला चार दिवस लागले, आणि ते चार दिवस सत्कारणी लागले असं आजही वाटतं.

पुस्तक दिसतच नसेल, तर गोष्ट वेगळी. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर स्वतः ई-पुस्तक प्रकाशित करताना शोधशब्दांसाठी ७ रकाने मिळतात. त्यात बरेच जण पुस्तकाचं आणि स्वतःचं नाव पुन्हा भरतात. ती माहिती आधीच नोंदलेली असते, म्हणजे रकाने वाया गेले. अनोळखी वाचक काय टाइप करेल, ते तिथे लिहा.

तिथल्याच आणखी एका चौकटीत न वाचता खूण केली जाते, ती ‘केडीपी सिलेक्ट’ची, म्हणजे ई-पुस्तक फक्त अ‍ॅमेझॉनवरच ठेवण्याच्या योजनेची. ती केली की ९० दिवस तुमचं ई-पुस्तक दुसरीकडे विकता येत नाही, फुकटही वाटता येत नाही. मुदत संपल्यावर ती आपोआप वाढते, तुम्ही खूण काढली नाही तर. छापील आवृत्तीला हे बंधन नाही.

अभिप्रायांसाठी नातेवाइकांना वेठीला धरू नका. जवळच्या माणसांनी लिहिलेले अभिप्राय अ‍ॅमेझॉनच्या नियमात बसत नाहीत, ते काढले जाऊ शकतात. त्या विषयाची आवड असलेल्या अनोळखी वाचकांना प्रकाशनाआधी प्रत द्या आणि चांगलंच लिहा अशी अट घालू नका. दहांपैकी तिघांनीच लिहिलं तरी ते खरं असेल, आणि खरं मत वाचणाऱ्याला ओळखू येतं.

समाजमाध्यमांवर रोज ‘माझं पुस्तक घ्या’ म्हणणाऱ्याकडे लोक हळूहळू काणाडोळा करतात. मला तर तिथल्या हजार अनुयायांपेक्षा स्वतःहून ईमेल पत्ता दिलेले पन्नास वाचक मोलाचे वाटतात. त्यांच्यापर्यंत पोहोचायला कुणाची मेहेरबानी लागत नाही.

जाहिरात करायचीच, तर हे सगळं नीट झाल्यावर थोड्या रकमेने सुरू करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मुखपृष्ठ, किंमत आणि ओळख एकदम बदलली, तर विक्री कशामुळे हलली ते कळणार नाही.

राहिलं शेवटचं पान. बहुतेक जण ते कोरं सोडतात. वाचक पुस्तक संपवून क्षणभर तिथे थांबलेला असतो, मन अजून गोष्टीतच असतं. तिथे तुमचा ईमेल पत्ता द्या आणि साध्या शब्दांत विचारा: ‘पुस्तक कसं वाटलं? मला दोन ओळी लिहाल का?’