शिंगल रूफवर तेलाचा स्प्रे मारून घेताय? आधी या चुका टाळा

अमेरिकेत घर घेतलेल्या आपल्या लोकांना आजकाल ही ऑफर कधी ना कधी येतेच, छप्पर बदलायची गरज नाही, आम्ही वरून तेलाचा स्प्रे मारतो, शिंगल्सचं (छपरावर एकावर एक बसवलेल्या डांबरी तुकड्यांचं) आयुष्य वाढेल. खर्च नवीन रूफपेक्षा बराच कमी, त्यामुळे मोह होतो. ऑफर सरसकट फसवी आहे असं माझं म्हणणं नाही. पण स्प्रे कशावर चालतो आणि कशावर नाही हे न बघता चेक फाडला तर पैसे जातात आणि वर्षभरात पुन्हा रूफरला फोन लावावा लागतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी शिंगल म्हातारं का होतं ते बघू. आत फायबरग्लासचा पातळ थर, त्याला चुनखडीची पूड घातलेलं डांबर, आणि वरून सिरॅमिकचा रंग चढवलेले दगडाचे बारीक दाणे. हे दाणे नुसते रंगासाठी नसतात, ऊन थेट डांबराला लागू नये म्हणून ते असतात. डांबरात जे हलके तेलकट घटक असतात त्यांच्यामुळे ते लवचिक राहतं, पण उन्हाळ्यात गडद छप्पर ६५-७० डिग्री सेल्सिअसपर्यंत सहज तापतं, त्यात अल्ट्राव्हायोलेट किरणं आणि हवेतला ऑक्सिजन, मग हे घटक काही उडून जातात, काही कडक होऊन बसतात, शिंगल आकसतं, कडा वळतात, थंडी-उन्हात आकुंचन प्रसरण होऊन चिरा पडतात, दाणे सुटतात, आणि दाणे सुटले की ऊन अजून आत जातं. दक्षिणेकडचा आणि पश्चिमेकडचा उतार बहुतेक घरांत आधी खराब होतो तो याचमुळे.

या तेलाच्या स्प्रेमध्ये (याला रिजुव्हेनेशन, म्हणजे पुन्हा तरुण करणं, असंही म्हणतात) साधारणपणे सोयाबीन तेलापासून बनवलेलं मिथाइल एस्टर असतं, ओहायोतल्या बॅटेल या संशोधन संस्थेने यावर काम केलंय. ते डांबरात मुरतं आणि त्याला थोडी लवचिकता परत देतं. बस एवढंच. गेलेले दाणे परत येत नाहीत, चिरा भरत नाहीत, शिंगलला खालच्या शिंगलशी धरून ठेवणारी चिकटपट्टी (सील) वाऱ्याने सुटली असेल तर ती पुन्हा चिकटत नाही. ही मर्यादा डोक्यात ठेवली की बाकी गोष्टी आपोआप कळतात.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे वेळ चुकणे. ३-४ वर्षांच्या रूफला स्प्रेची गरज नसते, आणि ज्याच्यावर काळं डांबर उघडं पडलंय, कडा वळल्यात, त्याला उपयोग नसतो. मधला काळ पकडायचा. डाउनस्पाउटच्या (छपराचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपच्या) तोंडाशी बघा, नवीन रूफचे पहिल्या काही महिन्यांत दाणे पडतात ते नॉर्मल आहे, पण जुन्या रूफखाली दर पावसानंतर मूठभर जमायला लागले तर समजा की आता तेलाने भागणार नाही. रूफरला आधीच सुटलेला एखादा तुकडा तुमच्यासमोर वाकवून दाखवायला सांगा, कडाडून तुटला तर विषय संपला. हे बघायला चांगली चिकटलेली शिंगल्स उचलायला देऊ नका, त्याने सील तुटतं.

दुसरी चूक, सीलिंगवर डाग दिसला की शिंगल्सना दोष देणे. कितीतरी वेळा गळती प्लंबिंगच्या पाइपभोवती असलेल्या रबरी कॉलरमधून असते, ते रबर साधारण १० वर्षांत फाटायला लागतं, शिंगल्स चांगली असली तरी. नाहीतर चिमणीचं फ्लॅशिंग (धुराडं आणि छप्पर यांच्या सांध्यावरचा पत्रा), नाहीतर दोन उतार मिळतात ती व्हॅली. थंडीच्या राज्यांत तर कधीकधी बाथरूमच्या फॅनची हवा ॲटिकमध्येच (छपराखालच्या पोकळ जागेत) सोडलेली असते, तिथली वाफ छपराच्या आतल्या बाजूला गोठते आणि ऊन पडलं की टपकते, लोकांना वाटतं रूफ गळतंय. गावाकडे पावसाआधी कौलं शाकारताना एकेक कौल बघून फुटलेलं तेवढंच बदलायचे, इथेही आधी तसंच नेमकी जागा शोधायला हवी. कॉलर बदलणं हे छोटं काम आहे, त्यासाठी पूर्ण छपरावर तेल कशाला?

काळे ओघळ दिसले म्हणून रूफ म्हातारं झालं असं पण नसतं. ते ग्लिओकॅप्सा मॅग्मा नावाचे सायनोबॅक्टेरिया, शिंगलमधल्या चुनखडीवर जगतात, दमट राज्यांत जास्त. यावर प्रेशर वॉशर मारणं ही फार महागात पडणारी चूक आहे कारण पाण्याबरोबर दाणेही निघून जातात!! निम्मं ब्लीच निम्मं पाणी हलक्या पंपाने मारायचं, १५-२० मिनिटं ठेवायचं, साध्या होजने धुवायचं, खालच्या झाडांवर आधी आणि नंतर भरपूर पाणी. ब्लीचमध्ये अमोनियावालं काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

ॲटिक बघायचं मात्र सगळेच विसरतात. सॉफिटची (छपराच्या बाहेर आलेल्या कडेच्या खालच्या बाजूची) हवेची भोकं इन्सुलेशनने बुजलेली असली की गरम दमट हवा आतच कोंडते, शिंगल्स खालूनही भाजतात आणि डेकिंगचं (शिंगल्सच्या खालच्या फळ्यांचं) लाकूडही खराब होतं. नियम साधारण असा की ॲटिकच्या दर १५० चौरस फुटांना १ चौरस फूट मोकळं व्हेंट, खाली-वर नीट वाटलेलं असेल तर ३०० ला १ चालतं. रिज व्हेंट (छपराच्या माथ्यावरची हवेची फट) असताना वर पॉवर फॅन (ॲटिकची हवा बाहेर फेकणारा विजेचा पंखा) बसवू नका, फॅन खालची हवा न ओढता रिजमधूनच हवा ओढत बसतो.

आणि तेलाचा स्प्रे वेगळा, रंगासारखं कोटिंग वेगळं. कोटिंगचा थर शिंगल्समधल्या फटी बुजवू शकतो आणि पाणी आत अडकतं, शिंगल बनवणाऱ्या कंपन्यांची संघटनाही त्याच्या विरोधात आहे. तेलाच्या स्प्रेबद्दलसुद्धा तुमच्या शिंगल कंपनीला आधी ईमेल टाकून विचारा की वॉरंटी राहील का, उत्तर लेखीच घ्या. स्प्रेवाले बहुतेक ५ वर्षांची वॉरंटी सांगतात, ती फक्त लवचिकतेची आहे की गळतीची पण, हे नीट वाचा.

गारपीट झालेली असेल तर इन्शुरन्सवाला बघून जाईपर्यंत काहीच मारू नका, फोटो काढून ठेवा. आणि कोणी म्हणाला की डिडक्टिबल (इन्शुरन्स क्लेममध्ये तुम्ही खिशातून भरायची रक्कम) आम्ही सोडून देतो तर त्याला दारातूनच परत पाठवा, टेक्सासमध्ये तर २०१९ पासून हे कायद्याने बंद आहे.

एवढं सगळं बघून स्प्रे मारायचंच ठरलं तर कोरडा दिवस निवडा, सुटलेल्या टॅबखाली (शिंगलच्या खालच्या मोकळ्या भागाखाली) क्वार्टरच्या नाण्याएवढे डांबरी सिमेंटचे ठिपके आधी लावून घ्या, जास्त थापलं तर फोड येतात, आणि पावसाचं पाणी बॅरलमध्ये साठवत असाल तर त्याचा पाइप काढून ठेवा. रूफवर तेल सुकेपर्यंत कोणालाही चढू देऊ नका, भयंकर घसरतं.