समुद्र निळा नसतो: जलरंगातला किनारा

बेळगावहून आंबोली उतरून वेंगुर्ल्याला किंवा चोर्ल्यातून गोव्याला चित्रं काढायला गेलं, की पहिला हात अल्ट्रामरीनच्या, म्हणजे गडद निळ्याच्या, ट्यूबकडे जातो. तिथेच चित्राचं कॅलेंडर होतं.

आधी वेळ ठरवा. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी ऊन पाठीमागून येतं, पाण्याचा रंग मोकळा दिसतो. कोबाल्ट निळ्यात किंचित व्हिरिडियन (निळसर हिरवा) पुरे. संध्याकाळी सूर्य समोर असतो. माड, होड्या काळवंडतात, पाणी चकाकतं. तेव्हा रंग आवरा आणि गडद-फिक्यातला फरक वाढवा. चित्राचा भाव निम्म्याहून जास्त या फरकातच असतो, म्हणून पोस्टकार्डाएवढं तीन टोनचं (फिकं, मधलं, गडद) पेन्सिल-रेखाटन टाळू नका.

कागद ११ × १५ इंच, ३०० जीएसएम (म्हणजे जाड), बोर्डाला चारी बाजूंनी टेपने चिकटवलेला. पावसाळी किनाऱ्यासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून राखाडी करा: निळा जास्त तर थंड, सिएना जास्त तर उबदार. वाटीभर करून ठेवा, कारण वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, अर्धा झाल्यावर तीच छटा पुन्हा जमत नाही. हाच राखाडी आकाशात, थोडा पाण्यात, थोडा वाळूत. तीन भाग एकाच हवेतले दिसतात ते यामुळे.

बेळगावच्या मार्चमधल्या कोरड्या हवेत वॉश बघता बघता वाळतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो रेंगाळतो. कंटाळून ओल्यावरच दुसरा पातळ हात मारला, की पाणी मागे सरकून फुलकोबीसारखे डाग पडतात. चमक गेली म्हणजे वाळला असं नाही. बोटांची मागची बाजू लावून बघा. कागद गार लागला तर थांबा.

क्षितिज आडवं आणि सरळ हवं, नाहीतर समुद्र सांडतो. पण धुकट हवेत त्याची कड एक-दोन ठिकाणी ओल्या ब्रशने विरघळवा. फेसासाठी कागद कोरा सोडा; सावलीतला फेस मात्र कोबाल्टमध्ये चिमूटभर अ‍ॅलिझरीन (गडद लाल) घालून. ओली वाळू कोरडीपेक्षा गडद आणि वर आकाशाचं प्रतिबिंब.

जांभ्याचा तांबडा आपल्या हाताला सवयीचा, म्हणून तो सगळीकडे पसरतो. पुढच्या खडकांतच दाट ठेवा. लांबच्या कड्यांवर त्यात तोच राखाडी मिसळा. होडीवरचा भडक पट्टा शेवटी, कोरड्या कागदावर, एकाच फटक्यात.