ब्रेस्ट पंपातून दूध कमी येतंय? आधी पंप तपासा आणि या चुका टाळा

कालपर्यंत बाटली भरत होती आणि आज तेवढ्याच वेळात निम्मीही भरली नाही, की बाळंतिणीच्या मनात पहिलं येतं ते "माझं दूध आटलं". आजूबाजूचेही तेच बोलून दाखवतात आणि वरच्या दुधाची चर्चा सुरू होते. असं काही ठरवण्याआधी कृपा करून पंप उघडून बघा. दूध एकाएकी कमी येऊ लागलं तर कारण बऱ्याचदा एखाद्या झिजलेल्या सिलिकॉनच्या तुकड्यात सापडतं. शिवाय पंपातून निघालं तेवढंच दूध आईला आहे, असंही नसतं. अंगावर नीट पिणारं बाळ बहुतेक वेळा पंपापेक्षा जास्त दूध ओढून घेतं.

ओढ कमी झाली तर कुठे बघायचं

सगळ्यात आधी व्हॉल्व्ह. बाटलीच्या वर बसणारा, बदकाच्या चोचीसारखा दिसणारा डकबिल व्हॉल्व्ह उजेडात धरा. त्याची फट मिटलेली असायला हवी. ती सतत उघडी दिसत असेल, कडेला चीर असेल किंवा सिलिकॉन सैल पडलं असेल, तर हवा तिथून आत शिरते आणि मोटर कितीही जोरात चालली तरी ओढ तयार होत नाही. धुताना या फटीत ब्रश किंवा बोट घालणं ही हमखास होणारी चूक आहे. व्हॉल्व्ह फक्त हलक्या हातानं चोळून धुवायचा. दिवसातून अनेकदा पंप वापरत असाल तर साधारण एक ते तीन महिन्यांत तो बदलावा लागतो. मोटरचा आवाज नेहमीसारखाच येत असतो, म्हणून झीज लक्षात येत नाही. एक जादा जोडी घरात असू द्या.

त्यानंतर दूध नळीत जाऊ नये म्हणून बसवलेला पातळ पडदा बघा. तो ओला असला किंवा तिरका बसला तरी ओढ ढिली पडते. नळीची दोन्ही टोकं घट्ट बसली आहेत ना, हेही बघा. एकाच बाजूनं दूध काढताना काही पंपांत दुसऱ्या नळीचं तोंड बंद करावं लागतं आणि नेमकं तेच राहून जातं. बॅटरीवर चालणारा पंप चार्ज उतरला की मंदावतो, तेव्हा एकदा थेट विजेवर लावून फरक पडतो का ते पाहा.

तरीही कळत नसेल तर नळी काढा, पंप सुरू करा आणि नळी जिथे जोडतो त्या छिद्रावर बोट ठेवा. बोट ओढलं गेलं तर मोटर ठीक आहे, गळती पुढच्या भागांत आहे. अजिबात ओढ जाणवली नाही तर मोटरच तपासायला द्यावी लागेल.

फ्लँजचं माप

मला वाटतं, सगळ्यात जास्त त्रास याच एका गोष्टीमुळे होतो. स्तनावर बसणारी ती फनेल, म्हणजे फ्लँज, खोक्यात येते त्या मापाची सगळ्यांनाच बसेल असं नाही. बऱ्याच पंपांसोबत २४ मिलिमीटरची येते. पंप करण्याआधी स्तनाग्राचा व्यास मुळाशी मिलिमीटरमध्ये मोजा. भोवतीचा गडद भाग त्यात धरू नका. फ्लँजची नळी त्या मापापेक्षा किंचित मोठी असावी, साधारण तीन-चार मिलिमीटरपर्यंत. काहींना त्याहून घट्टच बरी वाटते, त्यामुळे शेवटचा निर्णय स्वतःला काय आरामदायी वाटतं त्यावर घ्या. दोन्ही बाजूंची मापं वेगळी असू शकतात आणि काही आठवड्यांनी बदलूही शकतात.

पंप चालू असताना खाली बघा. स्तनाग्र नळीच्या कडांना घासत असेल, पंप काढल्यावर पांढरं पडत असेल किंवा त्यावर भेगा दिसत असतील, तर फ्लँज लहान आहे. गडद भाग बराचसा आत ओढला जात असेल तर मोठी आहे. दुखणं सहन करत राहू नका. वेदना आणि ताण असला की पान्हा फुटायला उशीर होतो, म्हणजे सहन करूनही दूध कमीच येतं.

ओढ वाढवली म्हणजे दूध वाढत नाही

सुरुवात हलक्या, जलद मोडवर करा. बाळही आधी तसंच भराभर चोखतं. दुधाची धार लागली की खोल, संथ मोडवर जा. ओढ एकेक पायरी वाढवत न्या आणि टोचल्यासारखं वाटलं की एक पायरी मागे या. तुमची योग्य जागा तीच. धार थांबली म्हणून लगेच पंप काढायची घाई नको. पुन्हा जलद मोड लावला तर बऱ्याच जणींना दुसऱ्यांदा पान्हा फुटतो. सोबत हातानं स्तन हलके चोळले आणि शेवटी थोडं दूध हातानं काढलं, तर एरवी आत राहून जाणारं दूधही निघतं. साधारणपणे पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

छाती दाटली, गाठ आली, तर पंप लावून सगळं रिकामं करायचा मोह होतो. तसं केलं की शरीर आणखी दूध बनवतं आणि दाटणं वाढतं. आराम पडेल इतकंच काढा. ताप आला, लाल गरम चट्टा दिसला किंवा दुखणं दिवसभरात कमी झालं नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

स्वच्छतेतल्या चुका

२०१६ मध्ये अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाला क्रोनोबॅक्टर या जंतूचा गंभीर संसर्ग झाला. तोच जंतू पंपाच्या भागांवर, काढलेल्या दुधात आणि स्वयंपाकघरातल्या सिंकच्या निचऱ्यात सापडला. त्यानंतर तिथल्या सीडीसी या आरोग्य संस्थेनं पंप धुण्याबद्दल सविस्तर सूचना दिल्या. आईला घाबरवावं म्हणून हे लिहीत नाही. सिंकमध्ये भाग भिजत टाकणं किती सहज होतं आणि ते का टाळायचं, हे यातून कळतं.

पंप झाला की दुधाला लागलेले सगळे भाग वेगळे करून वाहत्या पाण्याखाली धरा. मग फक्त याच कामाच्या भांड्यात, याच कामाच्या ब्रशनं, साबणाच्या गरम पाण्यात घासा. पुन्हा वाहत्या पाण्यात खंगाळा आणि स्वच्छ कापडावर उघडेच वाळू द्या. ओट्यावरच्या फडक्यानं पुसू नका आणि ओले भाग डब्यात किंवा पिशवीत बंद करू नका. भांडं आणि ब्रशही धुवा. बाळ दोन महिन्यांहून लहान असेल, अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी असेल, तर धुतलेले भाग रोज एकदा पाच मिनिटं उकळा किंवा वाफेवर निर्जंतुक करा. न धुतलेले भाग फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या वेळी तसेच वापरायची सवय अशा बाळांच्या बाबतीत नकोच. थंडीत जंतूंची वाढ मंदावते, पण ते मरत नाहीत.

नळीत वाफेचे थेंब दिसले तर दूध काढून झाल्यावर पंप काही मिनिटं तसाच चालू ठेवा, म्हणजे ते सुकतील. काळे ठिपके किंवा बुरशी दिसली तर नळी टाकून नवीन लावा. आतून ती खात्रीनं साफ करता येत नाही. मोटर कधीही पाण्यात बुडवू नका, ओलसर कापडानं पुसा.

काढलेलं दूध

ताजं दूध २५ अंश सेल्सियसपर्यंतच्या खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. खोली त्याहून गरम असेल तर लगेच फ्रिजमध्ये ठेवा, दारात न ठेवता आतल्या बाजूला. वर साय आल्यासारखा थर दिसला तर ते नासलेलं नाही, बाटली हलकेच फिरवा. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, ते सारखं तापत नाही आणि बाळाचं तोंड भाजू शकतं. दूध गुलाबी दिसलं तर बहुधा स्तनाग्राच्या भेगेतलं थोडं रक्त असतं. त्यानं सहसा बाळाला अपाय होत नाही, पण फ्लँजचं माप आणि ओढ तेवढ्यासाठी पुन्हा तपासा. रंग काही दिवस तसाच राहिला तर डॉक्टरांशी बोला.

कुणाचा वापरलेला पंप घेत असाल तर एवढं विचारा: हा एकापेक्षा जास्त जणींनी वापरण्यासाठी बनवलेला आहे का? घरगुती पंप बहुतेक एकीपुरतेच असतात. दूध मोटरपर्यंत पोचू शकेल अशी रचना असेल तर नळ्या आणि फ्लँज नवीन घेऊनही आतला भाग साफ होत नाही.