लिपिड प्रोफाइलचा अहवाल वाचताना आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवताना

वाढलेल्या कोलेस्टेरॉलची लक्षणे बहुधा जाणवतच नाहीत, त्यामुळे लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातील मेदांच्या तपासणीचा, अहवाल हाच काय तो आधार असतो. पण तो हाती आला की अनेकांची नजर एकूण कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरच खिळते. निर्णय घेण्यासाठी तो एकटा आकडा पुरेसा नाही. समजा, दोघांचेही एकूण कोलेस्टेरॉल २४० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर; पुढचे आकडेही याच एककात) आले आहे. पहिल्याचे एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ७५ आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील मेदाचा आणखी एक प्रकार) १००, तर दुसऱ्याचे अनुक्रमे ३५ आणि १५० आहेत. एकूण आकड्यातून संपूर्ण एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्सचा फक्त पाचवा हिस्सा वजा केला की एलडीएलचा, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा, अंदाज मिळतो: पहिल्याचे १४५, दुसऱ्याचे १७५. धमन्यांच्या भिंतींत साचते ते मुख्यतः हे एलडीएल, म्हणून उपचारांचा रोखही त्याच्यावरच असतो. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर असतील, तर मात्र या गणितावर विसंबू नये.

एलडीएल सर्वसाधारणपणे १०० च्या आत असणे उत्तम मानले जाते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना ते ७० च्याही खाली आणावे लागते. १९० किंवा त्याहून अधिक आकडा आल्यास दोष आनुवंशिक असण्याची शंका घेऊन भावंडांची व मुलांचीही तपासणी करून घ्यावी. थायरॉइडची कमतरता, अनियंत्रित मधुमेह आणि मूत्रपिंडाचे काही विकार यांमुळेही एलडीएल वाढू शकते, तेव्हा ती कारणे आधी तपासलेली बरी.

शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते. त्यामुळे, एखादे अंडे खावे की नाही यावर जितका खल होतो, तितका लोणी, साय आणि चरबीयुक्त मांस यांतील संपृक्त मेदावर व्हायला हवा, कारण रक्तातील एलडीएल उचलून घेण्याची यकृताची क्षमता हा मेद घटवतो. ओट्स, कडधान्ये आणि फळे यांतील विद्राव्य तंतू आतड्यातील पित्ताम्ले (यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवते ती पाचक आम्ले) बांधून बाहेर नेतात. त्यांची भरपाई करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते. धूम्रपान सोडावेच, कारण त्याने धमन्यांची हानी होते.

स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सुरू केल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. आकडा उतरला म्हणून गोळी बंद करण्याची चूक सर्रास होते. औषध थांबवले की काही आठवड्यांत पातळी पूर्ववत वाढते. स्नायू दुखू लागल्यास, लघवी गडद झाल्यास किंवा गर्भधारणेचा विचार असल्यास डॉक्टरांना लगेच कळवावे.