फॅमिली ग्रुपवरच्या काकांना ५जीवरून कसं समजवायचं

मे २०२१ आठवतोय ना, दुसरी लाट, बेड नाही, ऑक्सिजन नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काय फिरत होतं तर म्हणे माणसं कोरोनाने नाही, ५जीच्या टेस्टिंगने मरतायत. तेव्हा भारतात ५जीचं टेस्टिंग सुरूच झालं नव्हतं, दूरसंचार विभागाने तसं जाहीरही केलं, तरी फॉरवर्ड चालूच. म्हणजे नुसती लिंक तोंडावर मारून काही होत नाही.

असं मानणारा माणूस येडा नसतो हे आधी डोक्यात घ्या. बऱ्याचदा तो घाबरलेला असतो. डोळ्याला न दिसणारा विषाणू एवढा हाहाकार करतो हे मनाला पटत नाही, एवढं मोठं घडलं म्हणजे मागे कुणीतरी तेवढंच मोठं असणार असं वाटतं, आणि टॉवर निदान दिसतो तरी, त्याच्यावर राग काढता येतो. त्यात तोच मेसेज चार ग्रुपवरून आला की तो ओळखीचा वाटतो आणि ओळखीचं ते खरं वाटायला लागतं.

म्हणून ग्रुपवर सगळ्यांसमोर खोडायला जाऊ नका, तिथे काकांची इज्जत पणाला लागते. वेगळा फोन करा. भीती नेमकी कशाची वाटतेय ते विचारा, मग "पण काका, हे होतं कसं?" एवढंच विचारून गप्प बसा. दोन हजारच्या नोटेतली चिप आठवा, तिला पॉवर कुठून मिळणार हे कुणी विचारलंच नव्हतं! स्वतः समजावून सांगायला लागलं की आपल्याला किती कमी माहितीये ते माणसाला आपोआप कळतं.

एकेक दावा खोडत बसणं मला तरी फुकटची मेहनत वाटते. केंट युनिव्हर्सिटीच्या २०१२च्या अभ्यासात दिसलं की ब्रिटनच्या राजकुमारी डायनाचा खून झाला असं जे जास्त मानत होते तेच तिने मरणाचं नाटक केलं हेही जास्त मानत होते. दोन्ही एकदम कसं खरं असेल? पण मुळात "वरचे लोक काहीतरी लपवतायत" हे पक्कं असलं की दोन्ही चालतं.

आणि "कटबिट काही नसतं" असं तर अजिबात म्हणू नका, फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये, तपासणीपुरतं प्रदूषण कमी दिसावं म्हणून, खरंच लबाडी केली होती, २०१५ला उघड झालं, तेही रस्त्यावर धूर मोजून. तेच उदाहरण द्या आणि विचारा, टॉवरचं असं काय मोजता येईल, आणि काय निघालं तर तुम्ही मत बदलाल?

चिडले तर विषय तिथेच सोडा, गुडघेदुखीची चौकशी करा, पुढच्या आठवड्यात परत फोन लावा.